घेवड्यावरचे त्रेसष्ट कैदी

त्रेसष्ट निरपराध जीवांना मी काचेच्या बरणीत कोंडलं, सरकारच्या ताब्यात दिलं आणि वर त्याची रीतसर पोच घेतली. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकीच मारायची असती तर आकडा तीनशेच्या खाली आला नसता. आमच्या इमारतीत माझ्या बोलण्यातून नव्वद टक्के वजा करण्याची पद्धत आहे. मागे एकदा मी जिन्यात साप बघून ओरडलो, तेव्हा सगळे शेजारी दहा टक्के साप, म्हणजे साधारण गांडूळ, बघायच्या तयारीने अनवाणी खाली आले आणि आले त्याच्या दुप्पट वेगाने वर गेले. दुसऱ्या दिवशी माफी मागायची सोडून 'तुम्ही नीट ओरडला नाहीत' असं मलाच ऐकवलं. असो. या गोष्टीत मात्र वजाबाकी करू नका. हिच्यात मुळात फार काही शिल्लक नाही.

झालं असं, की थोरली मेहुणी न्हाणीघरात घसरली. पाय तिचा मोडला, अडकलो मी. महिनाभर बहिणीकडे राहायचं म्हणून हिने पिशवी भरली आणि निघण्यापूर्वी मला गच्चीत नेऊन उभं केलं. गच्ची म्हणजे एक खाट टाकली तर माणसाला खाटेखालून जावं लागेल, एवढी. तिथे सात कुंड्या आणि त्यांत घेवड्याचे सात वेल, सुतळ्या धरून वर चाललेले.

"नीट ऐका," ही म्हणाली. "शेंगा तोडायच्या नाहीत. खायच्या तर मुळीच नाहीत. वेलावरच वाळू द्यायच्या. मला बी धरायचंय."

हा घेवडा माझ्या सासूबाईंचा. पांढऱ्या शेंगेवर जांभळे शिंतोडे, जसं कुणी शाईचं पेन झटकलंय. बाजारात असला घेवडा मिळत नाही. मी स्वतः सहा बाजार पालथे घातलेत. बरं, दोन. सासूबाई पाच वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या हातचं बी औषधाच्या एका बाटलीत राहिलं होतं. पुढच्या वर्षी पेरू, पुढच्या वर्षी पेरू करता करता यंदा बाटली उघडली, तर निम्म्याहून जास्त दाण्यांना भुंगा लागलेला. उरले तेवढे सगळे हिने पेरले. त्यातले सात उगवले.

"हे गेलं की संपलं," ही म्हणाली. "आईचं दुसरं काही माझ्याकडे नाही."

"तू अजिबात काळजी करू नकोस," मी म्हणालो. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. या काळात हे वाक्य मी जेव्हा जेव्हा उच्चारलं, तेव्हा तेव्हा हिने काळजीला सुरुवात केली आहे.

पहिले आठ दिवस मी त्या वेलांना असं जपलं की तसं स्वतःच्या पोरांनाही जपलं नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीत गेलो, तर दोन गोष्टी दिसल्या. एक चांगली, एक वाईट.

चांगली अशी, की पानांना तकाकी आली होती. बोट लावलं तर किंचित चिकट. कोवळ्या शेंड्यांवर काळे काळे बारीक दाणे धरले होते, अगदी दाटीवाटीने, पण शिस्तीत. हलणं नाही, बोलणं नाही. मुंग्यांची एक रांग त्यांच्याकडे जात होती, दुसरी परत येत होती. सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला इतकं शिस्तीचं काम बघून भरून येतं. मला वाटलं, हा बहर असावा.

वाईट गोष्ट म्हणजे, त्या शिस्तीच्या वस्तीतून एक राक्षस फिरत होता. नखाएवढा लांब, काळा, अंगभर काटे, पाठीवर नारिंगी डाग, सहा पाय. सुसरीला कुणी उन्हात वाळवून वाळवून बारीक करावं तसा. त्याच्यामागे दुसरा. पानामागे तिसरा. दाण्यांच्या गर्दीत तोंड घालून काहीतरी चाललं होतं त्याचं. माझ्या हातातला चहा सासूबाईंच्या घेवड्यावर सांडला.

खालच्या मजल्यावर हेडमास्तर राहतात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून दार उघडलं की पहिला शब्द 'काय रे?' हाच.

"काय रे?"

"मास्तर, वेलावर कीड पडलीय. वीतभर लांब एकेक."

"म्हणजे नखाएवढी," मास्तर म्हणाले. "शत्रू कोण ते आधी ओळखावं, मग लढावं. हातघाईवर यायचं नाही. एकेक जिवंत पकड, बरणीत घाल आणि कृषी कार्यालयात नेऊन दे. ते नाव सांगतील, नावावरून औषध."

सल्ला शहाणपणाचा होता, म्हणून मी तो शेवटी ठेवला. आधी समोरच्या दारातल्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "साबणाचं पाणी मारा. अगदी फिकं. बादलीला चमचाभर." आता तीस वर्षं माणसांना टोचलेल्या बाईने चमचाभर म्हणावं, आणि एवढ्या मोठ्या राक्षसांना चमच्याने काय होणार, असं मला वाटावं, यातच सगळं आलं. मी अख्खी वडी किसून घातली. गुलाबाच्या वासाची होती. नेम धरून एकेका राक्षसावर मारलं. ते सरळ पानामागे गेले आणि न्हायले दोन वेल. दुपारच्या उन्हात त्यांची पानं पापडासारखी कडक झाली. संध्याकाळी गच्चीला बागेचा वास येत होता आणि बाग मात्र कमी झाली होती.

"चमचा म्हटलं होतं मी!" नर्सबाई म्हणाल्या. "पेशंटलासुद्धा अशीच औषधं देता का घरी?"

"घरी मीच पेशंट असतो," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी हिचा फोन आला. "वेल कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

"बरं," ही म्हणाली आणि बहिणीला सूप द्यायला गेली.

मग कोपऱ्यावरचा शिंपी. त्याच्याकडे कोळशाची इस्त्री आहे. तो म्हणाला, "काका, राख भुरभुरा. किडीच्या अंगाला चिकटली की ती चालत नाही. माझ्या मामाचं सगळं शेत राखेवर उभं आहे." त्याने डबाभर राख तिथल्या तिथे इस्त्रीतून ओतून दिली. राख गार झाली का, हे विचारायचं शिंप्याने की मी, यावर आमच्या दोघांत अजून मतभेद आहेत. तिसरा वेल गेला. मुठीला फोड आला तो वेगळा.

उरले चार. 'बरे आहेत,' मी फोनवर म्हणालो.

तेव्हा कुठे मास्तरांचा सल्ला आठवला. बिस्किटांची बरणी रिकामी केली (पोटात), झाकणाला सुईने भोकं पाडली आणि चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, चिमटा घेऊन मी गच्चीत शिकार केली. माझ्या वयाचा माणूस गुडघ्यावर बसून घेवड्याच्या पानांखाली दबा धरतो, हे दृश्य समोरच्या इमारतीने फुकट बघितलं. कैद्यांचे हाल नकोत म्हणून बरणीत त्या काळ्या दाण्यांनी लगडलेला एक शेंडा टाकला. दुसऱ्या दिवशी शेंडा होता, दाणे नव्हते. मी म्हटलं, गळले असतील. माणसाला बुद्धी झाली की ती पहिल्यांदा डोळ्यांवर पट्टी बांधते.

बुधवारी वेलांवर एकही राक्षस उरला नाही. त्रेसष्ट मोजले आणि बरणी मांडीवर घेऊन कृषी कार्यालयात गेलो.

तिथे आवक-जावकच्या टेबलाशी जो कारकून होता, त्याच्यात मला माझं तरुणपण दिसलं. तसाच चष्मा, तसंच समोरच्या माणसाकडे न बघणं. त्याने अर्ज दिला, तीन प्रतींत. 'नमुन्याचा प्रकार: कीड. अवस्था: जिवंत. संख्या:' मी त्रेसष्ट लिहिलं. त्याने शिक्का मारला, बरणीला चिठ्ठी चिकटवली, माझ्या हातात पोच दिली.

"आता?" मी विचारलं.

"तज्ज्ञ बाई मंगळवारी येतात."

"आज बुधवार आहे."

"म्हणजे तुम्ही एक दिवस उशिरा आलात," तो म्हणाला. मी स्वतः छत्तीस वर्षं हेच वाक्य वापरलेलं होतं. ते टेबलाच्या या बाजूने कसं लागतं, हे पहिल्यांदा कळलं.

त्या सहा दिवसांत माझ्या डोळ्यांदेखत काहीतरी उलटं व्हायला लागलं. शत्रू कैदेत होता, तरी वेल सुकत होते. शेंडे वाकडे झाले. पानं आत वळली. काळे दाणे मात्र भरभरून आले, देठांवर, कळ्यांवर, सुतळीपर्यंत. मुंग्यांच्या रांगा दोनाच्या चार झाल्या. सोमवारी आणखी दोन वेलांनी मान टाकली. मी त्या दोन कुंड्यांसमोर जाऊन बसलो. सासूबाई जिवंत असताना मला कधी काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या घेवड्यासमोर बसल्यावर मला वाटलं, आता बोलतील.

मंगळवारी तज्ज्ञ बाई आल्या. माझ्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी बरणी उजेडात धरली.

"आजोबा, हे कुठे मिळाले?"

"आमच्या घेवड्यावर. सगळे पकडले. एकही सोडला नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही," मी छाती काढून म्हणालो.

बाईंनी बरणी हळूच खाली ठेवली, दवाखान्यात रिपोर्ट ठेवतात तशी. "आणि वेलावर काळे बारीक दाणे आहेत का? चिकट पानं? मुंग्या?"

"आहेत की! तो बहर आहे ना?"

"तो मावा आहे, आजोबा. तीच कीड. वेलाचा रस पिते, म्हणून पानं चिकट. त्या चिकट गोडासाठी मुंग्या तिला राखतात. आणि ही तुम्ही आणलीत ती ढालकिड्याची बाळं आहेत. लाल, काळ्या ठिपक्यांचा असतो ना, तो. एकेक बाळ दिवसाला चाळीस-पन्नास मावा खातं."

मी खिशातली पोच काढून पुन्हा एकदा वाचली.

"म्हणजे," शेवटी मी म्हणालो, "चोरांना मी पाणी घालत होतो आणि पोलिसांना धरून आणलं."

"पोच घेऊन," कारकून मागून म्हणाला.

"ते परत द्या मला. आत्ता. माझे दोन वेल राहिलेत."

बाईंनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने रजिस्टरकडे बघितलं. रजिस्टरने कुणाकडेच बघितलं नाही.

"आजवर कीड परत मागायला कुणी आलेलं नाही," कारकून म्हणाला. "नमुना देण्याचा अर्ज आहे. घेण्याचा अर्ज नाही. शिवाय इथे हिशोब जुळत नाही. तुम्ही त्रेसष्ट लिहिलेत. मी आत्ता मोजले, अठ्ठावन्न भरतात. पाच कुठे गेले?"

"उपाशी राहिले की एकमेकांना खातात," बाई म्हणाल्या.

"तसा रकाना नाही," कारकून म्हणाला.

एव्हाना बरणीतल्यांनी काचेला पाठ चिकटवून अंग आखडून घेतलं होतं. बाई म्हणाल्या, कोष झालेत, दोन-तीन दिवसांत किडे बाहेर पडतील. कारकुनाने बरणीवर पेन वाजवलं. कुणी हललं नाही. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"मेलेत! मेलेला नमुना नियमाने अर्जदाराला नेता येतो. बाई, 'मृत' लिहा, सही करा, आजोबा मोकळे."

"लिहा हो, मृत लिहा," मी हात जोडले. ज्यांच्या जिवावर माझा संसार अवलंबून होता, त्यांच्या मरणासाठी मी विनवण्या करत होतो.

"पण ते जिवंत आहेत," बाई म्हणाल्या. तरुण होत्या, खोटं लिहायची सवय नव्हती. "झोपलेला माणूस मेलेला असतो का?"

"आमच्याकडे ते हजेरीपटावरून ठरतं," कारकून म्हणाला.

शेवटी मी हाताने अर्ज लिहिला: 'माझी कीड मला परत मिळणेबाबत.' तो साहेबांकडे जायचा होता आणि साहेब शुक्रवारी येणार होते. बाईंनी मला साबणाच्या पाण्याचं प्रमाण सांगितलं, बादलीला चमचाभर. मी मान हलवली, पण साबणाच्या वडीला हात लावायची हिंमत उरली नव्हती. तीन दिवस मी वेलांना शिवलोसुद्धा नाही. जे काही केलं होतं ते सगळं चुकलं होतं, मग आता काही न करणं हेच बरोबर असेल, असा हिशोब केला. तोही चुकला.

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत आम्ही चौघे: साहेब, बाई, कारकून आणि मी. मध्ये टेबलावर बरणी, आणि बरणीत लालच लाल. सगळे ढालकिडे झालेले, चकचकीत, ठिपकेदार, जणू कुणी बटणांची बरणी आणून ठेवलीय. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"संख्या जुळत नाही, असा शेरा आहे इथे. समक्ष मोजा."

"साहेब, उघडू नका," बाई म्हणाल्या.

कारकुनाने उघडली.

पुढचं तुम्हाला थाप वाटेल, म्हणून हळू सांगतो. पहिला किडा झाकणाच्या काठावर आला, पाठ उघडली आणि उडाला. मग सगळेच्या सगळे. पंख्यावर, फायलींवर, साहेबांच्या सहीच्या पेनावर, भिंतीवरच्या नकाशात समुद्रावर. साहेब खुर्चीवर चढले. बाई पाकिटं घेऊन धावल्या. बाहेरचे सगळे कर्मचारी आत आले, आणि अर्धा तास त्या कार्यालयाने जेवढं काम केलं, तेवढं मी माझ्या नोकरीत एका वर्षात बघितलं नव्हतं. "दाबू नका, फुंका! फुंकून आत घ्या!" असं जो ओरडत होता तो कारकून होता. त्याच्या कॉलरवर एक बसला, तर तो मान तिरकी करून दहा मिनिटं तसाच उभा राहिला, मी पाकीट लावेपर्यंत.

एकतीस मिळाले. खाकी पाकिटांत घालून मी ते पळत घरी आणले आणि उरलेल्या दोन वेलांवर सोडले. त्यांनी वेलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बहुतेक ओळखलं, आणि उडून खाली हेडमास्तरांच्या गुलाबावर गेले.

"काय रे?" खालून आवाज आला. "काय सोडलंस माझ्या झाडावर?"

तीन राहिले. फक्त तीन. मी त्यांना हात जोडले.

शनिवारी सकाळी दाराची घंटा वाजली. मला वाटलं मास्तर भांडायला आले. उघडलं तर कारकून. तीन मजले चढून धापा टाकत होता. हातात पाकीट. "हे सात आणखी मिळाले. फायलीत गेले होते. याची पोच नको," तो म्हणाला, आणि पाणीसुद्धा न पिता वळला. जिन्यात तो खाली उतरत होता, तेव्हा खालून पिशवी घेऊन वर येत होती ती ही. पाच दिवस आधी.

मी दारात उभा. हातात पाकीट, पाकिटात सात किडे. हिने चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि सरळ गच्चीत गेली. मी मागे. पाच कुंड्यांतल्या काड्या हिने बघितल्या. उरलेले दोन काळवंडलेले वेल बघितले. रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

"अगं, ऐक," मी सुरुवात केली आणि साबणापासून साहेबांपर्यंत सगळं सांगितलं. एक अक्षर वाढवलं नाही. सांगताना माझ्या लक्षात आलं, की ही माझ्या आयुष्यातली एकमेव गोष्ट असेल जी मला वाढवताच येत नव्हती.

हिने मग ओंजळभर पाणी घेतलं, खाली बसली आणि एका वेलाचा शेंडा अंगठा आणि बोटांच्या मधून हलकेच ओढत नेला. बोटं काळी झाली. धुतली. पुन्हा दुसरा. "आई असंच करायची," ही म्हणाली. "रोज सकाळी. बोलत बोलत." मग मुंग्यांची वाट ओल्या फडक्याने पुसली. दहा मिनिटं लागली असतील सगळ्याला. पाकीट मी हिच्या हाताखाली उघडलं. त्या सातांतला एक हिच्या मनगटावर चढला, तर हिने त्याला शेंड्यावर उतरवून दिलं.

"पण तू आज कशी आलीस?" मी विचारलं. "ताईचं प्लास्टर तर अजून..."

"ताईनेच पाठवलं. पंधरा दिवस रोज विचारते, वेल कसे आहेत, तर म्हणे बरे आहेत. बरे! एक्केचाळीस वर्षांत तुमचं काही नुसतं बरं होतं का कधी? साधी सर्दी झाली तर तुम्ही मृत्युपत्राची भाषा करता. पहिल्याच दिवशी मला कळलं. म्हटलं, वेल गेले आणि म्हातारा घाबरलाय." मग बोटं पुसत म्हणाली, "दोन आहेत अजून. उठा, पाणी आणा."

दोनातला एक गेलाच. दुसरा तगला. आम्ही दोघं रोज सकाळी बसून त्याचे शेंडे पुसायचो. मी बोलायचो, ही पुसायची. त्याला पाच शेंगा धरल्या, एक गळली, चार वेलावर वाळल्या. पांढऱ्यावर जांभळे शिंतोडे. हिने त्या ताटलीत फोडल्या. दाणे निघाले सतरा. हिने ते तळहातावर घेतले आणि दुसऱ्या हाताने झाकले. मी गच्चीत जाऊन उगीच रिकाम्या कुंड्या हलवल्या.

संध्याकाळी आम्ही जिना उतरत होतो, तर हेडमास्तर त्यांच्या दारात. मागे नर्सबाई, इस्त्रीचे कपडे घेऊन आलेला शिंपी, सगळे जमलेले. गुलाब जोरात फुलला होता, म्हणून मास्तर खुशीत होते.

"काय रे? निघालं का बी? किती निघालं? गाडी मागवू का भरायला?"

सगळे हसले. मी तोंड उघडलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला खोटं बोलायचं बळ नव्हतं. "स..." एवढं बाहेर पडलं असेल.

"दोन डबे," मागून ही म्हणाली. "दुसऱ्याचं तर झाकणच बसेना."

ही खोटं बोलत नाही, हे इमारतीला ठाऊक आहे. मास्तरांचा चष्मा नाकावर घसरला. "दोन डबे?" शिंपी म्हणाला. "काका, मग राखेचा गुण आला की!" नर्सबाईंनी तर माझ्याकडे पहिल्यांदाच डॉक्टरकडे बघतात तसं बघितलं.

रस्त्यावर आल्यावर मी हिचा हात धरला. "अगं, दोन डबे?"

"मग काय सांगू?" ही फणकारली. "माझ्या आईच्या घेवड्याचे सतराच दाणे निघाले, असं चारचौघांत सांगू? आणि तुम्ही हो! एरवी घरभर थापा मारत फिरता. ऐन वेळेला कुठे जाते तुमची जीभ?"